रोज बंद करूनही कॉम्प्युटर 'कित्येक दिवस चालू'? आणि ऑपरेटिंग सिस्टीमची किमान माहिती म्हणजे किती?

निवांत_पाखरू

मंडळी, बाबा निवृत्तीनंतर डेस्कटॉप वापरायला लागलेत. मेल, फोटो, फाइल शोधणं, सगळं जमतं. पण 'कसं करायचं' यापेक्षा 'असं का होतं' हे त्यांना जास्त छळतं, आणि ते मला छळतात.

काल त्यांनी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली (म्हणजे प्रोसेसरखाली) 'अप टाइम', म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे तो आकडा, पाहिला. तिथे कित्येक दिवस दिसत होते. बाबा रोज रात्री न चुकता स्टार्ट मेनूतून शट डाउन करतात. त्यांचा प्रश्न: "मग मी रोज बंद करतो ते नक्की काय करतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हा अप टाइमचा घोळ काय आहे? (विंडोज ११.) दोन, साध्या माणसाला ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल किमान काय माहीत असावं? कृपया 'अमुक बटण दाबा' नको आणि उपमाही नकोत. नेटवरचे लेख उपमांनी इतके भरलेले असतात की मूळ गोष्ट हाताला लागतच नाही.

तिरकस

बाबांना सांगा, तो झोपेचं सोंग घेतो.

खटपट्या

तिरकस विनोद करतोय, पण उत्तर तेच आहे. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे आणि बहुतेक मशीनवर आपोआप चालू असतं.

शट डाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग ऑफ होता. पण विंडोजचा गाभा (कर्नल) आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) मेमरीत ज्या अवस्थेत असतात ती अवस्था जशीच्या तशी डिस्कवरच्या हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये लिहिली जाते. मग वीज बंद. सकाळी ती फाइल वाचून रॅममध्ये (म्हणजे त्याच मेमरीत) परत भरली जाते. कर्नल नव्याने सुरूच झालेला नसतो, म्हणून त्याचं घड्याळ मागील पानावरून पुढे चालू.

गंमत म्हणजे रीस्टार्ट केलं तर हे होत नाही. तिथे सगळं पाडून पहिल्यापासून उभं केलं जातं. म्हणजे नावावरून वाटतं त्याच्या बरोबर उलट: शट डाउन अर्धवट, रीस्टार्ट पूर्ण.

मी_नुसती_वाचक

हे आज कळलं! ऑफिसातले आयटीवाले "रीस्टार्ट केलं का?" विचारतात तेव्हा मी "कालच बंद करून आज चालू केलाय" असं ठणकावून सांगते. आता कळलं ते का हसतात.

कर्नलकाका

खटपट्यांचं उत्तर बरोबर. एक पुरवणी. स्टार्ट मेनूत शट डाउनवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरली तर त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. शिफ्ट धरून रीस्टार्ट मात्र करू नका, निळ्या पडद्यावर दुरुस्तीचे पर्याय येतात आणि बाबा घाबरतील. कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', आणि तिथली फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते किमान माहिती म्हणजे एकच गोष्ट: स्वतःच्या मेमरीतली आकडेमोड सोडली तर कुठलाही प्रोग्रॅम परस्पर काहीही करू शकत नाही. फाइल उघडणं, पडद्यावर अक्षर काढणं, प्रिंटरला पान पाठवणं, नेटवर जाणं, या प्रत्येक गोष्टीसाठी त्याला कर्नलकडे मागणी करावी लागते. प्रोसेसरमध्येच दोन पातळ्या असतात. कर्नल वरच्या पातळीवर चालतो, तुमचे प्रोग्रॅम खालच्या. खालच्याने परस्पर हार्डवेअरला हात लावायचा प्रयत्न केला तर प्रोसेसरच त्याला थांबवतो आणि कर्नलकडे तक्रार करतो. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपसूक समजतं: एक प्रोग्रॅम कोसळला तरी बाकीचे का चालतात, ड्रायव्हर बिघडला की अख्खं मशीन का आडवं होतं (तो बहुतेकदा वरच्या पातळीवर चालतो म्हणून), काही इन्स्टॉल करताना परवानगी का विचारली जाते.

उंटावरून_शेळ्या

काका, आदर ठेवून असहमत. हे माहीत नसलं म्हणून कुणाचं काय अडतं? मोबाइल वापरणाऱ्या किती जणांना कर्नल माहीत असतो? ऑपरेटिंग सिस्टीम दिसू नये हेच तिचं यश. निवृत्त माणसाला बॅकअप घ्यायला शिकवा, अनोळखी लिंक न उघडायला शिकवा, बास.

कर्नलकाका

मोबाइलवर फाइल कुठे गेली हे कुणालाच कळत नाही, ते यश? :) आणि बाबा स्वतः विचारतायत. विचारणाऱ्याला "तुला कशाला हव्यात चौकशा" म्हणायचं का?

उंटावरून_शेळ्या

ते मान्य. पण मग यादी लांबत जाते हो. बघाच आता या धाग्याचं काय होतं ते.

मी_नुसती_वाचक

लांबवतेच. माझ्याकडे काहीही उघडलेलं नसताना रॅम अर्धीअधिक भरलेली दिसते. कोण खातं? रॅम साफ करणारं एखादं अ‍ॅप टाकू का?

खटपट्या

अजिबात टाकू नका!

रिकामी रॅम कुणाच्याच कामाची नसते. तुम्ही नेहमी जे प्रोग्रॅम उघडता त्यांचे तुकडे विंडोज आधीच डिस्कवरून आणून ठेवतं. नुकत्याच वाचलेल्या फाइलीही तिथेच ठेवतं. कुणाला जागा लागली की त्यातलं काही तत्क्षणी टाकून देतं, कारण मूळ प्रत डिस्कवर असतेच. लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमही हेच करते. तिथे फ्री कमांडच्या उत्तरात 'फ्री' आणि 'अव्हेलेबल' असे दोन वेगळे रकाने असतात, आणि बघायचा तो दुसरा.

ती साफसफाईची अ‍ॅप काय करतात, तर सगळ्या प्रोग्रॅमांना रॅममधून हुसकावून लावतात. आकडा छान दिसतो. मग तुम्ही ब्राउझरवर क्लिक करता आणि सगळं डिस्कवरून परत आणावं लागतं. मशीन हळू, मन प्रसन्न.

अर्धविराम

रॅमवरून आठवलं, म्हणून जरा विस्ताराने. प्रत्येक प्रोग्रॅमला असं भासवलं जातं की अख्खी मेमरी त्याच्या एकट्याची आहे. प्रत्यक्षात कर्नल आणि प्रोसेसर मिळून मेमरीचे छोटे तुकडे करतात. त्यांना पेज म्हणतात, नेहमीच्या पीसीवर ४ किलोबाइटचं एक. कुठल्या प्रोग्रॅमचं कुठलं पेज खऱ्या रॅममध्ये कुठे आहे याचा तक्ता ठेवलेला असतो. म्हणूनच एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येत नाही: त्याच्या तक्त्यात ते पानच नसतं. रॅम कमी पडली की बराच वेळ न वापरलेली पेजेस डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये जातात.

खूप टॅब उघडल्यावर मशीन अचानक चिखलातून चालल्यासारखं होतं ना, ते हे. दोन प्रोग्रॅम आळीपाळीने मागणी करतात, याची पेजेस आत आणायला त्याची बाहेर, त्याची आणायला याची बाहेर. डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो आणि काम शून्य. प्रोसेसर बिचारा मोकळाच बसलेला असतो, टास्क मॅनेजरमध्ये त्याचा आकडा कमी दिसतो, म्हणून माणूस आणखी गोंधळतो. अशा वेळी सीपीयूचा रकाना सोडून डिस्क आणि मेमरीचे रकाने बघायचे.

तिरकस

'चिखलातून'. उपमाबंदीचं उल्लंघन. धागाकर्तीने नोंद घ्यावी.

निवांत_पाखरू

घेतली. एक गुन्हा माफ. :) अर्धविराम, तो तक्त्याचा भाग बाबांना वाचून दाखवला, खूश झाले. लगेच पुढचा प्रश्न आला: "एका वेळी इतके प्रोग्रॅम चालतात, मग 'नॉट रिस्पॉन्डिंग' कोण ठरवतं?"

कर्नलकाका

बाबांना माझा नमस्कार सांगा. पहिल्या भागाचं उत्तर: प्रोसेसरच्या एका कोअरवर (काम करणाऱ्या एका भागावर) एका क्षणी एकच काम चालतं. कर्नल प्रत्येकाला काही मिलिसेकंद देतो, मग टायमरचा ठोका पडला की त्याला जिथे असेल तिथे थांबवतो, त्याची अवस्था लिहून ठेवतो आणि दुसऱ्याला आणतो. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. आपल्याला सगळं एकत्र चाललंय असं वाटतं.

हे नेहमीच असं नव्हतं. विंडोज ३.१ मध्ये आणि मॅकच्या जुन्या सिस्टीममध्ये प्रोग्रॅमने स्वखुशीने पाळी सोडायची असे. एक अडून बसला की सगळे अडले. विंडोज ९५ ने ३२-बिट प्रोग्रॅमांसाठी हे बदललं. मॅकवर २००१ साली ओएस टेन आलं तेव्हा सुटका झाली.

दुसरा भाग: खिडकी असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावाने एक रांग असते. क्लिक, कळ दाबणं, 'पुन्हा रंगव' असे निरोप तिथे पडतात. प्रोग्रॅमने ५ सेकंद ती रांग पाहिलीच नाही तर विंडोज त्याला 'नॉट रिस्पॉन्डिंग' ठरवतं आणि त्याच्या जागी खिडकीचं फिकट चित्र उभं करतं, म्हणजे निदान ती हलवता तरी येते. याचा अर्थ प्रोग्रॅम मेलाय असं नाही. मोठी फाइल उघडण्यात गुंतलेला असू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये त्याची डिस्क किंवा सीपीयू हलत असेल तर थोडं थांबा. सगळं शून्यावर असेल तर खुशाल 'एंड टास्क'.

दुपारची_झोप

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न फार बाळबोध आहे. ए आणि बी ड्राइव्ह कुठे गेले? सगळं सी पासूनच का?

खटपट्या

ए आणि बी फ्लॉपीसाठी होते. १९८१ च्या आयबीएम पीसीत फ्लॉपीच असायच्या. हार्ड डिस्क आली ती १९८३ च्या एक्सटी मॉडेलात, १० मेगाबाइटची, तिला पुढचं अक्षर मिळालं. फ्लॉपी गेल्या, अक्षरं राखीव राहिली. ही अक्षरांची पद्धत डॉसच्याही (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्याही) आधीच्या सीपी/एम या सिस्टीममधून आलेली आहे.

अर्धविराम

असंच आणखी एक भूत: विंडोजमध्ये 'सी ओ एन' या तीन इंग्रजी अक्षरांच्या नावाचा फोल्डर करून बघा. होणार नाही. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, त्यामुळे कीबोर्ड-पडदा, प्रिंटर वगैरेंना साध्या फाइलीसारखी नावं दिलेली होती. फोल्डर १९८३ च्या डॉस २.० मध्ये आले, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली. आजही आहेत.

तिरकस

केलं. नाही झाला. अर्धा तास त्याच्याशी भांडलो. तुमचं भलं होवो.

उंटावरून_शेळ्या

म्हटलं होतं ना मी? अप टाइमवरून निघालो, १९८३ ला पोचलो. आणि लिनक्सवाले अजून आलेच नाहीत, आश्चर्य आहे.

मुक्तस्रोत

बोलावलंत? :)

लिनक्स टाका असं म्हणायला आलेलो नाही (टाका). बाबांच्या 'का'साठी एक तुलना मात्र उपयोगी पडेल. विंडोजला अपडेट झाला की रीस्टार्ट का लागतो? विंडोजमध्ये एखादी फाइल वापरात असेल तर ती सहसा बदलता येत नाही. सिस्टीमच्या फाइली तर सतत वापरात. मग नव्या फाइली बाजूला ठेवायच्या आणि पुढच्या बूटला (मशीन सुरू होताना), कुणी जागं व्हायच्या आत, अदलाबदल करायची.

युनिक्सच्या घराण्यात (लिनक्स त्यातलंच) फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. नाव काढून टाकलं तरी जो प्रोग्रॅम ती आधीच उघडून बसलाय त्याच्यासाठी जुनी फाइल जिवंत राहते. त्याच नावाने नवी फाइल ठेवली तर नव्याने येणाऱ्यांना नवी मिळते. म्हणून लिनक्सवर चालत्या गाडीत बरंच काही बदलता येतं. पण जुना प्रोग्रॅम जुन्याच फाइलीवर चालत राहतो, तो बंद करून उघडेपर्यंत सुरक्षेची दुरुस्ती लागू झालेली नसते. आणि कर्नलच बदलला तर आमच्याकडेही बहुधा रीस्टार्ट करावाच लागतो. उगाच कॉलर ताठ करण्यात अर्थ नाही.

कर्नलकाका

संतुलित लिनक्सवाला! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कुणीतरी.

सावळागोंधळ

फाइलींचा विषय निघालाय म्हणून विचारतो. जुना पीसी देऊन टाकायचाय. सगळं डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली, वर फॉरमॅटही मारला. आता कुणाला काही मिळणार नाही ना?

खटपट्या

कुठला फॉरमॅट यावर अवलंबून. डिलीट म्हणजे यादीतल्या नोंदीवर 'ही जागा मोकळी' एवढा शेरा. मजकूर जागच्या जागी असतो, दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. क्विक फॉरमॅटमध्ये यादीच नवी कोरी होते, मजकूर तसाच. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला तर व्हिस्टापासून विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला ते पुरेसं आहे. वेळ खूप लागतो, झटकन झाला असेल तर तो क्विकच होता असं समजा.

अर्धविराम

एसएसडीचं (तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हचं) गणित वेगळं. तिथे फाइल डिलीट झाली की ऑपरेटिंग सिस्टीम ड्राइव्हला ट्रिम नावाचा निरोप पाठवते, की हे ब्लॉक आता नकोत. ड्राइव्ह सवडीने ते खरोखर पुसून टाकतो. म्हणून एसएसडीवरून चुकून उडवलेली फाइल परत मिळणं अवघड असतं. देऊन टाकताना मात्र त्यावर विसंबू नका, ड्राइव्हचा स्वतःचा 'सिक्युअर इरेज' वापरा. डिस्क आधीपासून एनक्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असेल तर किल्ली नष्ट केली की काम झालं.

दुपारची_झोप

आणि नवी १ टेराबाइटची डिस्क घेतली तर ९३१ जीबीच दिसते. बाकीची जागा विंडोज गिळतं का?

मुक्तस्रोत

नाही, ते दोन मापांचं भांडण आहे. डिस्कवाले १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरी जीबीच लिहितं. एकावर बारा शून्यं भागिले १०२४ चा घन करा, ९३१ येतं. मॅकवर २००९ पासून १००० च्या पटीत दाखवतात, तिथे तीच डिस्क १ टीबी दिसेल. जागा तेवढीच.

निवांत_पाखरू

मंडळी, मूळ प्रश्नाकडे परत. फास्ट स्टार्टअप बंद केलं. आज सकाळी अप टाइम शून्यापासून सुरू झाला, बाबांनी तो पडदा आईला बोलावून दाखवला. आता त्यांचं म्हणणं: हे बंदच ठेवायचं तर मुळात दिलं कशाला?

खटपट्या

तबकडीच्या हार्ड डिस्कसाठी. तिथे ड्रायव्हरच्या शेकडो छोट्या फाइली इकडून तिकडून गोळा करण्यापेक्षा एक सलग फाइल वाचणं खूप वेगवान. एसएसडीवर फरक थोड्या सेकंदांचा. मी तरी सगळीकडे बंद ठेवतो.

उंटावरून_शेळ्या

पुन्हा असहमत. चालू असलेल्याला हात लावू नये. ते चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. अपडेटमुळे अधूनमधून ते तसंही होतंच.

मुक्तस्रोत

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर मात्र बंद करायलाच हवं. फास्ट स्टार्टअपमध्ये विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) 'अर्धवट उघडं' राहतं, कारण कर्नलच्या मते ते अजून वापरात आहे. लिनक्स ते ओळखतं आणि त्यात लिहायला नकार देतं, फक्त वाचू देतं. जबरदस्तीने लिहिलंच तर फाइल सिस्टीमचं वाटोळं होऊ शकतं.

सावळागोंधळ

अरेच्चा, माझ्या दुसऱ्या मशीनवर दोन्ही आहेत आणि नेमकं हेच होतंय! तिथे आणखी एक त्रास आहे. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ काही तासांनी चुकतं. बॅटरी बदलली, तरी तेच.

मुक्तस्रोत

बॅटरीचा दोष नाही. मदरबोर्डवर एकच घड्याळ आहे. विंडोज समजतं त्यात स्थानिक वेळ आहे, लिनक्स समजतं यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे. म्हणून फरक बरोबर तुमच्या टाइमझोनइतकाच दिसेल, मोजून बघा. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल कमांडने 'हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेत आहे' असं सांगता येतं. ती तुम्हाला इशारा देईल की ही पद्धत आदर्श नाही. विंडोजला रजिस्ट्रीतून (त्याच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यातून) यूटीसी शिकवणं जास्त चांगलं, पण रजिस्ट्रीत हात घालायचा नसेल तर पहिला उपाय चालेल. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर उलट्या दिशेने चुकेल.

सावळागोंधळ

मोजलं. तंतोतंत टाइमझोनइतकाच फरक. पहिला उपाय करतोय, इशारा आलाच.

तिरकस

कुणाला जुनी बॅटरी हवी का? एकदम नवी आहे.